सात जॅकची बुचं

दादाला लकवा मारला तेव्हा त्याच्या दुकानात लोकांचे सात जॅक पडून होते. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलायचे, बाटलीच्या घाटाचे, तेलावर चालणारे. सातही एकाच तक्रारीचे. जॅकच्या पोटाशी तेल भरायचं एक छोटं भोक असतं आणि त्यावर रबराचं बूच बसवलेलं असतं. ते बूच सैल होऊन कडेनं तेल पाझरत होतं. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसायचं की टिनाच्या शेडखाली सात तेलकट लोखंडी बाटल्या ओळीनं उभ्या आहेत आणि त्यांचे मालक दर दोन दिवसांनी येऊन वहिनीला विचारताहेत, "मिस्त्रीची तब्येत कशी हाय?" आणि मग, थोडं थांबून, "जॅकचं काय झालं?"

दुकान भीमपूरच्या रस्त्याला, घराला लागूनच. आमचे वडील दुसऱ्यांच्या शेतात सालगडी होते. दादा सातवीत शाळा सोडून आदिलाबादला एका गॅरेजात कामाला लागला, तिथं हात बसला तसा परत येऊन त्यानं हे दुकान टाकलं. त्याच्या कमाईवर मी शिकले आणि मराठी शाळेत शिक्षिका झाले. गावात मला मॅडम म्हणतात आणि त्याला मिस्त्री.

लकव्यानं त्याचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय काठीच्या आधारानं ओढता यायचा. हात मात्र मांडीवर ठेवला तिथंच राहायचा. पण त्याहून अवघड झालं ते बोलणं. आवाज होता, शब्द होते, फक्त चुकीचे यायचे. पाणी हवं असलं की तो "मीठ" म्हणायचा. चादर हवी असली की "बस". "मी" आणि "तू" यांची तर कायम अदलाबदल. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, "शब्द आत सगळे आहेत, पण हाताला भलताच लागतो. धीर धरा." वहिनीनं धीर धरला. ती त्याच्यापुढं एकेक वस्तू आणून धरायची आणि तो मान हलवेपर्यंत आणत राहायची.

उन्हाळ्याची सुटी लागली आणि मी म्हटलं, जॅक मी करते.

"तुमी?" वहिनी म्हणाली. "तुमाले काय येते त्यातलं?"

"आठवीच्या पुस्तकात जॅक आहे, वयनी. मी शिकवलाय."

हे खरं होतं. एक बारीक नळी, एक जाड नळी, मधे तेल आणि वर-खाली जाणारे बाण. इकडे थोडं दाबलं की तिकडे मोठं ओझं उचललं जातं. मी तो धडा फळ्यावर आकृती काढून किती वर्षं शिकवला. पण पहिल्या दिवशी जॅक पुढ्यात घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, त्या आकृतीत बूच नाहीच. तेल आत कुठून गेलं, हा प्रश्न पुस्तकाला पडला नव्हता, मला नाही आणि इतक्या वर्षांत एकाही मुलाला नाही.

पहिलं बूच मी स्क्रू ड्रायव्हरनं उचकलं. अर्धं हातात आलं आणि अर्धं जॅकच्या पोटात पडलं. जॅक उलटा करून हलवला, ठोकला, मग तारेचा आकडा करून ते अर्धं बाहेर काढलं. यात सकाळ गेली. दादा समोर बाजेवर बसून बघत होता. तोंड थोडं वाकडं झालेलं असल्यामुळं तो हसतोय की चिडलाय हे मला त्या दिवसांत समजतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दोन तुकडे रुमालात बांधून मी आदिलाबादला गेले. तिथला सुट्या भागांचा दुकानदार तेलुगू. तो माझ्याशी हिंदीत बोलला.

"ये क्या है, मॅडम?"

"जॅक का बूच."

"बूच?" त्यानं तुकडा उलटापालटा केला आणि त्याला तेलुगू शब्द सापडला. "अच्छा, बिरडा! कितने टन का जॅक है?"

मला माहीत नव्हतं.

"कंपनी?"

जॅकवरचा रंग कधीच निघून गेला होता.

"होल का नाप?"

मी करंगळीचं टोक दाखवलं. त्यानं माझ्या करंगळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत लहानमोठी, काळी, राखाडी, टोपीची आणि बिनटोपीची मूठभर बुचं घालून दिली. "इस में से कोई तो बैठेंगा."

परत येताना बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर घेऊन एकेक बूच बघत होते. प्रत्येक बूच बरोबर वाटत होतं.

पहिला जॅक एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. कापूस आणि ज्वारी पिकवणारा माणूस, नात माझ्याच वर्गात. त्याचा जॅक आला तसाच, मधला दांडा पूर्ण वर निघालेल्या अवस्थेत उभा होता. मी तसाच घेतला. जॅकचं तेल म्हणून दादा एक डबा ठेवायचा. डब्यावर त्याच्याच हातानं पांढऱ्या रंगात "जॅक" लिहिलेलं होतं. त्यातलं तेल चहाच्या गाळणीएवढ्या नरसाळ्यातून भोकात ओतलं. तेल काठाला आलं.

"खाली," बाजेवरून दादा म्हणाला.

"हो दादा, खाली होता. आता भरला."

"खाली! खाली!"

आमच्याकडं रिकाम्यालाही खाली म्हणतात. डबा खाली, बस खाली, खिसा खाली. मला वाटलं, तो म्हणतोय जॅक अजून रिकामा आहे. मी आणखी ओतलं. तेल भोकातून ओघळून हातावर आलं तसा त्यानं डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर जोरात थाप मारली. मला वाटलं, आपलं काम दुसऱ्याच्या हातून होताना बघून जीव कासावीस होतोय. मी तेल पुसलं, पिशवीतलं एक बूच निवडलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. छान बसलं.

संध्याकाळी म्हातारा आला. मी जॅक पुढं केला. तो उकिडवा बसला, तेल सोडायचा स्क्रू ढिला केला आणि दांडा तळहातानं खाली दाबला. दांडा खाली गेला तसं बूच बंदुकीतून सुटल्यासारखं उडालं, त्याच्या छातीवर आपटलं आणि मागून तेलाची धार त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

त्यानं सदरा चिमटीत धरून पाहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "हा जॅक हाय का होळीची पिचकारी?"

मी माफी मागितली. "बूच लहान झालं मामा. उद्या मोठं बसवते."

मोठं बूच साबण लावून, लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवलं. तेही उडालं. बाकीचे जॅकही दांडा वर असलेलेच होते. दुसऱ्या जॅकला बिनटोपीचं लावलं, तिसऱ्याला टोपीचं. चौथ्यावर तर बूच उडू नये म्हणून वरून तार आवळली, तेव्हा तेल तारेच्या दोन्ही बाजूंनी वर आलं. दर वेळी दादा "खाली" म्हणायचा, दर वेळी मी आणखी काठोकाठ भरायचे आणि दर वेळी तो बाजेवर थाप मारायचा. चौथ्या दिवशी मी वहीत कारणं लिहायला बसले. बूच लहान? बूच मोठं? भोक वेडंवाकडं? जॅक खराब? शाळेत मुलं गणित चुकवतात तेव्हा मी त्यांना सांगते, कुठं चुकलं ते शोधा. मला तर बरोबर काय केलं तेही सापडत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी एका जॅकमध्ये तेल ओतायला नरसाळं लावलं आणि दादा उठला. काठी टेकत, पाय ओढत माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, पडशील, बस. त्यानं ऐकलं नाही. काठी माझ्या हातात दिली, वाकून डाव्या हातानं स्क्रू ढिला केला, माझ्या खांद्याला धरलं आणि त्या उभ्या दांड्यावर चक्क बसला. लहान मूल पाटावर बसतं तसा. दांडा हळूहळू त्याच्या वजनानं खाली जाऊ लागला. उघड्या भोकातून तेल वर आलं, बाहेर ओघळलं, त्याच्या लुंगीला लागलं. तो खाली जात राहिला. दांडा पूर्ण आत गेला तेव्हा त्याचे गुडघे छातीशी आले होते.

"खाली," तो म्हणाला. आणि भोकाकडं बोट दाखवून, "आता."

मला एकदम लख्ख कळलं आणि इतकी लाज वाटली की मी त्याला उठवायचंही विसरले. दांडा वर असताना त्याच्या खालची जागा तेलानं भरलेली असते. दांडा खाली आला की ते सगळं तेल जॅकच्या पोटात परत येतं. तिथं मी आधीच काठोकाठ भरून ठेवलेलं. जागा नाही, म्हणून बूच उडायचं. आधी दांडा खाली करायचा, मगच तेल भरायचं. इतके दिवस तो मला एवढंच सांगत होता. त्या शब्दात त्याची काहीच चूक नव्हती. लकव्यानंतर कितीतरी दिवसांनी त्याच्या हाताला अचूक लागलेला तो शब्द होता आणि चूक ऐकणारीची होती.

वहिनी धावत आली, आम्ही दोघींनी त्याला उठवलं. ती ओरडत होती, "हे काय करून राह्यले तुमी दोघं!" तो हसत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्रीनं कळलं की हे हसणंच आहे.

चार जॅक त्या आठवड्यात झाले. दांडा खाली, तेल भोकाच्या काठाच्या जरा आत, बूच बेतानं दाबून. एकही उडालं नाही. म्हातारा आपला जॅक घेऊन गेला. मी फार खुश होते.

दहा-बारा दिवसांनी तो परत आला. जॅकभोवती पुन्हा तेल. मी बूच काढलं तर ते बोटांत दबलं. भिजवलेल्या वालासारखं फुगलेलं, मऊ, टोपी सुटलेली. नवं कोरं बूच होतं ते. मला वाटलं, दुकानदारानं हलका माल दिला. तावातावानं बस पकडून आदिलाबादला गेले आणि बूच त्याच्या काउंटरवर ठेवलं.

त्यानं ते उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला.

"मॅडम, इस में ब्रेक आईल कौन डाला?"

"ब्रेक ऑईल? नहीं, जॅक का ही तेल है."

त्यानं पाण्याचा ग्लास घेतला, बुचावरचं तेल त्यात निथळवलं. तेल पाण्यावर तरंगायला हवं होतं. ते पाण्यात विरघळून गेलं. मग त्यानं स्वतःच्या डब्यातल्या जॅकच्या तेलाचा एक थेंब दुसऱ्या ग्लासात टाकला. तो चकतीसारखा वर तरंगत राहिला. "ब्रेक आईल से ये रबर फूल जाता," तो म्हणाला. "मिस्त्री तो ये सब जानता."

मिस्त्रीला ते माहीत होतं, हीच तर अडचण होती. मग त्याच्याच डब्यात ब्रेकचं तेल आलं कुठून?

घरी आल्यावर मी चहाचे काचेचे ग्लास ओळीनं मांडले आणि प्रत्येकात पाणी घातलं. वहिनीला वाटलं, कोणी पाहुणे आले. आधी "जॅक" लिहिलेल्या डब्यातलं तेल टाकलं. विरघळलं. मग अजून हात न लावलेल्या तीन जॅकमधलं थोडंथोडं काढून टाकलं. तिन्हीतही ते पाण्यात मिसळून गेलं. म्हणजे ही चूक माझ्या आधीची होती. दादा धडधाकट असताना, त्याच्या दुकानात, त्यानं लिहिलेल्या डब्यात ब्रेकचं तेल गेलं होतं आणि तेच त्यानं लोकांच्या जॅकमध्ये भरलं होतं. म्हणूनच सातही जॅक एकाच तक्रारीनं आले होते.

मी वहिनीला हे समजावून सांगितलं. तिनं एकेक ग्लास उचलून पाहिला.

"एकदा डबा मीच आनला होता," ती म्हणाली. "यायले ताप होता म्हणून मी गेली आदिलाबादले. तेल द्या म्हनलं. त्यानं जे देल्लं ते आनलं. मले काय समजते?"

"पण दादानं ओतताना वास घेतला असता ना, वयनी. त्याला कळलं असतं."

"हो," ती म्हणाली. आणि मग हळूच, "तुमाले सांगतलं नाई. लकव्याच्या आधी दोन महिने हे कायच्या काय करून राह्यले होते. सदरा उलटा घालत. एक दिवस पान्याले गेले आन बादली तिथंच ठेवून रिकामे आले. मी हसली. मले वाटलं, कामाच्या तंद्रीत असंन."

मलाही आठवलं. त्याच महिन्यांत त्यानं मला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली होती आणि मी म्हटलं होतं, "सांगितलंस की रे मघाशी."  मला तेव्हा वह्या तपासायच्या होत्या.

मग चूक कोणाची? वहिनीनं आणलेल्या डब्याची, की दादाच्या त्या वेळी आधीच निसटू लागलेल्या ध्यानाची? वहिनीला वाटत होतं तिची. मला वाटत होतं, डोळ्यादेखत दिसत असून न बघणाऱ्या आम्हा सगळ्यांची. ती लकव्याचीच सुरुवात होती का, असं डॉक्टरांना नंतर विचारलं तर ते म्हणाले, "असू शकतं, नसूही शकतं." या उत्तराचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मी दोन ग्लास दादापुढं ठेवले, एक चांगल्या तेलाचा, एक त्या डब्यातला. त्यानं डावं बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि त्या डब्यातला ग्लास बाजूला सारला. त्याला वास येत होता. त्याला सगळं कळत होतं.

"दादा, हे तेल डब्यात कोणी भरलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तू."

त्याचा "तू" म्हणजे बहुतेक वेळा "मी". पण नेहमी नाही. मी पुन्हा विचारलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, उत्तर पक्कं करून घेणं हे त्या वेळी कामाचं नव्हतं.

पुढचं काम त्यानं करवून घेतलं. सगळं तेल काढून टाकलं. जॅक खोलून धुतले. फुगायचं ते फक्त बूच नसतं, आतली रबरंही फुगतात, तीही बदलावी लागली. तो डाव्या हातानं दाखवायचा, माझे हात चालायचे. चुकलं की माझ्या मनगटावर टिचकी. सातातले पाच नीट झाले. दोन जॅकच्या आतल्या नळीला चरे पडले होते, ते गेलेच.

ज्यांचे गेले त्यांना मी सरळ सांगितलं की तेल आमच्या दुकानात चुकलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हाताऱ्यालाही मी सगळं सांगितलं, कारण त्याचा सदरा खराब केला होता आणि त्याला दोनदा हेलपाटा घालायला लावला होता. तो ओट्यावर बसून ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "आमाले ठाऊक होतं, मॅडम."

"काय ठाऊक होतं?"

"मिस्त्रीचं. होळीच्या आगंमागं माह्या ट्रॉलीचं डावं चाक पंक्चर होतं. त्यानं उजवं खोललं. खोललं, पाह्यलं, परत लावलं. मी उभा होतो. लई घामाघूम झाला बिचारा." तो ओट्यावर जरा सरकून बसला. "दुसऱ्याइचंबी असंच झालतं. आमी आपसात बोलत होतो."

"मग आम्हाला काऊन नाही सांगितलं?"

"मानसाच्या तोंडावर कसं सांगावं, तुह्यं ध्यान जाऊन राह्यलं म्हनून?"

"पण तरी जॅक त्याच्याकडंच आणला?"

या प्रश्नाचं म्हाताऱ्याला नवल वाटलं. "मंग कोनाकडं न्यावा?" तो म्हणाला.

म्हणजे सात माणसांनी सात जॅक आणून ठेवले होते, हे जाणून की मिस्त्रीचा हात आता पहिल्यासारखा नाही. ही माया होती, की सवय, की सांगायचा संकोच? तेव्हाच कोणी घरी येऊन एक शब्द बोललं असतं तर आम्ही त्याला डॉक्टरकडं नेलं असतं. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. मग त्याला चहा द्यावासा वाटला. वहिनीनं तोवर चहा आणलाही होता आणि मी त्याच्यासोबत बसून प्याले.

जूनमध्ये शाळा उघडली. दुकान बंद करायचं असं माझ्या मनात होतं, पण वहिनीनं विचारलंच नाही. ती पंक्चर काढायला शिकली होती. मी जॅक करत होते तेव्हा तीही बघत होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता जॅकही तीच करते. ब्रेकच्या तेलाचा डबा तिनं घराच्या आत, देव्हाऱ्याच्या जागी जिथं आमच्याकडं बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात नेऊन ठेवला आहे, चुकूनही हात लागू नये म्हणून.

दादाचं बोलणं थोडं सुधारलं आहे, फार नाही. परवा शाळेतून येताना मी दुकानाशी थांबले. वहिनी एका जॅकचं बूच उचकत होती, तो शेजारी बसला होता. तो म्हणाला, "ज्वारी." मी इकडंतिकडं पाहिलं. ज्वारी कुठंच नव्हती. वहिनीनं मान वर न करता फडकं उचलून त्याच्या हातात दिलं आणि त्यानं भोकाच्या कडेची माती पुसून काढली. मी वहिनीला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?" ती म्हणाली.